टाईल्सवर वाळलेला माल आणि ग्राऊट कसा काढायचा: नवीन बाथरूम केलेल्यांसाठी

जुळे सोलापुरात आमचं घर आहे, बाथरूम भर मे महिन्यात नवीन करून घेतलं. काम चांगलं झालं, टाईल्स लेव्हलला बसल्या, उतार नीट जाळीकडं आला, पण मिस्त्री आणि त्यांची माणसं गेल्यावर दार उघडून बघतो तर भिंतीवर सगळीकडं मालाचे (कालवलेल्या वाळूसिमेंटचे) शिंतोडे, खाली पांढरट थर, नळाच्या बुडाशी वाळलेला ग्राऊट, म्हणजे टाईल्सच्या सांध्यात भरतात तो मसाला, आणि कमोडच्या कडेला सिमेंटचा दगड झालेला गोळा. मिस्त्रींना फोन केला तर म्हणाले, "ॲसिड मारा की मालक, सगळं जातंय." मी मारलं. शिंतोडे गेले खरे, पण त्यासोबत उंबऱ्याच्या शहाबादी फरशीचं पॉलिश गेलं, नवीन नळावर काळपट डाग पडले आणि सांध्यातला नवा ग्राऊट खडबडीत होऊन बसला. उंबऱ्याचा तो दगड शेवटी बदलावा लागला.

नंतर होटगी रोडला मेव्हण्याच्या घरात तसंच काम निघालं तेव्हा घाई न करता, एकेक गोष्ट समजून घेऊन साफ केलं आणि एकही टाईल खराब न होता सगळं निघालं. तेव्हा ज्या क्रमानं केलं तो क्रम इथं लिहितोय. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक जण शेवटची पायरी पहिली करतात आणि तिथंच नुकसान होतं. ८० टक्के काम पाणी, पत्ती आणि वेळ यांनीच होतं असा माझा अनुभव आहे, ॲसिडची गरज लागलीच तर अगदी शेवटी आणि थोड्याच जागी लागते.

आधी हे सामान जमवून ठेवा

- पुट्टीची पत्ती, एक प्लास्टिकची आणि एक लोखंडी
- दाढीच्या ब्लेडसारखं ब्लेड बसणारा छोटा स्क्रॅपर, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो
- लाकडाची चपटी काडी, आईस्क्रीमच्या काडीपेक्षा जरा जाड
- नायलॉनचा ब्रश आणि जुना टूथब्रश (तारेचा ब्रश नको, कारण खाली सांगतो)
- हिरवा स्क्रब आणि पांढरा मऊ स्क्रब
- जुने फाटके टॉवेल चार-पाच, सोलापूरच्या घरात याची कमी नसते
- पाणी मारायची स्प्रे बाटली
- लिंबूसत म्हणजे सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात मिळतं, किंवा पांढरं व्हिनेगर
- खायचा सोडा
- कोपरापर्यंत येणारे रबरी हातमोजे, डोळ्यांना गॉगल, एन-९५ मास्क
- प्लास्टिकच्या दोन बादल्या आणि एक प्लास्टिकचा मग

ॲसिडची बाटली यादीत मुद्दाम लिहिली नाही. पाचव्या पायरीपर्यंत गेलात आणि तरी डाग राहिले, तर मगच ती आणा.

१. डाग नक्की कसला आहे ते ओळखा

हे कुणीच करत नाही. सगळ्या पांढऱ्या डागाला लोक सिमेंटच म्हणतात, पण प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. ओल्या बोटानं डाग पुसून बघा. ओला असताना डाग गायब आणि वाळला की परत पांढरट दिसतोय, तर तो सांधे भरताना पसरलेल्या सिमेंटच्या ग्राऊटचा पातळ थर आहे, हा सगळ्यात सोपा. हाताला खरखरीत, उंचवटा लागतोय आणि रंग करडा, तर तो वाळूसिमेंटचा माल. करडा किंवा पांढरा असून चिवट आहे, नखानं तुकडा न पडता रबरासारखा जरासा सोलल्यासारखा वाटतोय, तर ते टाईल चिकटवायचं ॲडेसिव्ह, त्यात सिमेंटसोबत पॉलिमर असतं म्हणून ते ॲसिडला लवकर दाद देत नाही. चिकटसर, चकाकणारा, तिरक्या उजेडात तेलाच्या तवंगासारखा दिसणारा थर असेल तर तो इपॉक्सी ग्राऊट आहे, त्यासाठी थेट सातव्या पायरीवर जा, कारण त्याच्यावर कितीही ॲसिड ओता, काही फरक पडत नाही.

अजून एक प्रकार आपल्याकडं हमखास असतो. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांच्या बाथरूममध्ये क्षाराचे पांढरे ओघळ दिसतात, खास करून नळाखाली आणि शॉवरच्या भिंतीला. हे सिमेंट नाहीच, हा पाण्यातला चुना आहे, व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास लावून ठेवलं की सुटतं. एका ओळखीच्या ताईंनी बिचाऱ्यांनी मिस्त्रीला सहा महिने बोल लावला आणि शेवटी तो बोअरचा क्षार निघाला.

२. खालचा पृष्ठभाग कसला आहे ते ओळखा

माझं नुकसान इथंच झालं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सिमेंट हे अल्कधर्मी असतं, चुन्याच्या जातीचं, म्हणून ॲसिड पडलं की फसफसून विरघळतं. पण आपल्या घरातले कितीतरी दगडसुद्धा चुन्याच्याच जातीचे आहेत. शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीचा दगड, तो येतो वाडीच्या अलीकडच्या शहाबादहून, सोलापूरहून रेल्वेनं गुलबर्ग्याच्या पुढं गेलं की लागतं ते गाव, त्यामुळं जुन्या सोलापुरात पेठेतल्या वाड्यापासून चाळीपर्यंत सगळीकडं हीच फरशी. कोटा पण चुनखडीच. संगमरवर म्हणजे त्याच चुनखडीचं बदललेलं रूप. आणि जुन्या घरातली मोझॅकची फरशी म्हणजे सिमेंटमध्ये बसवलेले संगमरवराचे खडे. या चारींवर ॲसिड, व्हिनेगर, लिंबू, टॉयलेट क्लीनर, काहीही आंबट टाकायचं नाही. एक थेंबसुद्धा नाही. डाग जाईल पण त्यासोबत दगडाचा वरचा थर पण जाईल आणि तो पॉलिश मशीन लावल्याशिवाय परत येत नाही.

आता तुम्ही म्हणाल आमच्या बाथरूममध्ये टाईल्स आहेत, शहाबादीचा काय संबंध. नीट बघा. उंबरा कसला आहे? खिडकीची पट्टी कसली? बेसिनखालचा कडप्पा? (कडप्पा पण चुनखडीच आहे, काळा दिसतो म्हणून लोक ग्रॅनाईट समजतात.) आतल्या टाईल्सवर टाकलेलं पाणी वाहत वाहत या दगडांवर येतं. शंका असेल तर न दिसणाऱ्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाकून पाच मिनिटं थांबा, बुडबुडे आले किंवा पुसल्यावर जागा निस्तेज दिसली तर तो चुन्याचा दगड.

टाईल्समध्ये पण फरक आहे. भिंतीच्या चकचकीत सिरॅमिक टाईलला वर काचेसारखा थर असतो, माल त्याच्या आत शिरत नाही, नुसता वर बसतो, म्हणून निघायला सोपा, पण हा थर ओरखड्याला नाजूक. फरशीच्या व्हिट्रिफाईड टाईल्स कडक असतात. मॅट आणि खडबडीत, न घसरणाऱ्या टाईल्स सगळ्यात त्रासदायक, कारण ग्राऊट त्यांच्या बारीक खड्ड्यात जाऊन बसतो, तिथं पत्ती चालत नाही आणि ब्रशच लागतो.

एखादी उरलेली टाईल घरात असेलच, तिच्यावर आधी सगळं करून बघा. नसेल तर दाराच्या मागचा कोपरा.

३. पाण्याचा दिवस बघून काम ठरवा

बाहेरच्या माणसाला ही पायरी विचित्र वाटेल पण सोलापूरकरांना सांगायला नको. आपल्याकडं उजनी धरणाचं पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड पाळी असते. या कामाला धुवायला पाणी भरपूर लागतं, लहान बाथरूमला सुद्धा मी सात-आठ बादल्या धरतो, आणि रसायन लावून ठेवलंय आणि टाकी संपली अशी वेळ आली तर फार वाईट, कारण वेळेवर धुतलं नाही की तेच रसायन टाईलवर आणि सांध्यात वाळतं. म्हणून पाणी येऊन गेलं, टाकी आणि बॅरल भरून झालं, की दुसऱ्या दिवशी सकाळी हे काम काढायचं. एक बॅरल फक्त या कामासाठी वेगळं ठेवा, त्यात घरच्यांना हात घालू देऊ नका.

सकाळी का, तर ऊन. मार्च ते जून आपल्याकडं दुपारी बाथरूमची बाहेरची भिंत तापते, लावलेलं पाणी किंवा द्रावण दोन मिनिटांत वाळून जातं आणि वासही जास्त सुटतो. सकाळी सात ते दहा बरी वेळ.

नवीन काम असेल तर अजून एक. सांध्यातला ग्राऊट भरून किमान दहा दिवस होऊ द्या, मगच आंबट काहीही लावायचं. सिमेंट साधारण २८ दिवस ताकद धरत राहतं, कोवळ्या ग्राऊटवर ॲसिड गेलं तर डागाबरोबर सांधाही खाल्ला जातो. नुसतं पाणी आणि पत्तीचं काम मात्र जितकं लवकर कराल तितकं चांगलं, सांधे घट्ट झाले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सुरू करा, आठवडा गेला की तोच शिंतोडा दुप्पट वेळ घेतो.

४. भिजवा आणि खरवडा, कोरडं घासू नका

हीच खरी पायरी. बाकीच्या सगळ्या हिच्या मदतीला.

कोरडं का नाही, तर मालात वाळू असते आणि वाळूचा कण लोखंडापेक्षा कडक असतो. तुम्ही कोरडा शिंतोडा तारेच्या ब्रशनं घासायला लागलात की वाळू सुटते आणि ब्रशखाली तीच वाळू टाईलवर फिरते, म्हणजे तुम्ही पॉलिश पेपरच मारताय. काळ्या किंवा गडद चकचकीत टाईलवर याचे गोल गोल ओरखडे कायमचे राहतात. वर कोरडं घासताना जी धूळ उडते ती फुफ्फुसाला वाईट, त्यात सिमेंट आणि सिलिका दोन्ही असतं.

पाण्यानं सिमेंट विरघळत नाही हे लक्षात घ्या, म्हणजे भिजवून ठेवलं आणि आपोआप गळून पडलं असं होणार नाही. पाणी सुटलेली वाळू वाहून नेतं, पत्ती सरकवायला मदत करतं, धूळ दाबतं आणि पातळ शिंतोड्याच्या कडेनं आत शिरून त्याची पकड ढिली करतं. एवढं पुरेसं आहे.

करायचं असं. जुने टॉवेल पाण्यात बुडवून फरशीवर पसरा, रात्रभर राहू द्या. सोलापुरी टॉवेल यासाठी लै भारी, त्याच्या दोऱ्याच्या घड्यांत पाणी धरून राहतं. भिंतीवर ओला टॉवेल चिकटवून वर प्लास्टिकचा कागद लावा आणि कडेनं चिकटपट्टी मारा, नाहीतर तासाभरात वाळतो. सकाळी कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून स्प्रेनं जागा परत ओली करा.

मग पत्ती. आधी प्लास्टिकची. ती शिंतोड्याच्या मध्यावर मारायची नाही, कडेला टेकवायची, टाईलला जवळजवळ आडवी, साधारण ३० अंशात, आणि ढकलायची. कडा एकदा उचलली की बाकीचा खपला निघतो. प्लास्टिकनं नाही झालं तर लोखंडी ब्लेड, पण ब्लेड कायम ओलं, कायम आडवं, आणि एकाच दिशेला, पुढं मागं करवतीसारखं नाही. ब्लेडचा कोपरा टाईलला लागू देऊ नका, ओरखडे पत्तीच्या मध्यानं पडत नाहीत, कोपऱ्यानंच पडतात. दर आठ-दहा वेळा पत्ती आणि जागा दोन्ही पाण्यानं धुवून घ्या, सुटलेली वाळू गेली पाहिजे.

मॅट टाईलवर लोखंडी पत्तीनं करड्या रेघा दिसल्या तर घाबरू नका, बऱ्याचदा तो ओरखडा नसतो, पत्तीचंच लोखंड टाईलला लागलेलं असतं. लिंबूसताच्या पाण्यानं घासलं की जातं.

मोठा गोळा असेल, कमोडच्या कडेला किंवा कोपऱ्यात असतो तसा, तर तो एका घावात पाडायचा प्रयत्न करू नका. आमच्या शेजाऱ्यांनी छन्नी-हातोडी लावली आणि गोळ्यासकट टाईलचा टवका आला. छोटी छन्नी गोळ्याच्या वरच्या भागावर टेकवून हलके हलके टिचक्या मारल्यासारखे घाव घाला, गोळा थरा थरानं कमी करा, शेवटचे दोन-तीन मिमी राहिले की छन्नी ठेवून द्या आणि परत टॉवेल भिजवून पत्तीवर या.

किती वेळ लागतो? मेव्हण्याच्या पाच बाय सात फुटाच्या बाथरूमला आम्हा दोघांना दोन सकाळी लागल्या. हात दुखतात. पण यातच बहुतेक सगळं निघतं.

५. उरलेल्या पांढरट थरासाठी लिंबूसत

(चुन्याचा दगड असेल तर ही पायरी सोडा, तिथं फक्त पाणी आणि पत्ती, आणि नाहीच जमलं तर फरशी पॉलिशवाल्याला बोलवा.)

एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत, म्हणजे साधारण चार मोठे चमचे. व्हिनेगर असेल तर ते तसंच वापरा, त्यात मुळात चार-पाच टक्केच ॲसिड असतं. आधी टाईल आणि सांधे साध्या पाण्यानं ओले करून घ्या. हे विसरू नका, ओला सांधा आंबट पाणी कमी पितो. मग एका वेळी फक्त एक मीटर बाय एक मीटर जागा घ्या, द्रावण लावा, पाच-सात मिनिटं थांबा, वाळू देऊ नका, पांढऱ्या स्क्रबनं गोल घासा, टॉवेलनं टिपून घ्या आणि लगेच साध्या पाण्यानं दोनदा धुवा. मग पुढची जागा.

टिपून घ्या हे मुद्दाम लिहिलं. नुसतं पाणी ओतून पसरवलं की विरघळलेलं सिमेंट दुसऱ्या टाईलवर जाऊन वाळतं आणि उद्या परत तोच थर. पहिल्यांदा मी तीन वेळा घासलं आणि तीनदा थर परत आला, तो या कारणानं.

एका वेळी नाही गेला तर दुसऱ्या दिवशी परत करा. द्रावण कडक करण्यापेक्षा दोनदा करणं बरं.

६. आता ॲसिड, आणि लागलंच तर

इथपर्यंत येऊन ज्या चार-दोन टाईल्सवर चिवट डाग राहिलेत फक्त तेवढ्यासाठी. शक्यतो सल्फॅमिक ॲसिडचं डीस्केलर (क्षार काढायचं औषध) किंवा टाईल्सच्या दुकानात सिमेंट रिमूव्हर म्हणून मिळतं ते घ्या, त्याच्यावर लिहिलेल्या प्रमाणातच. लेबल वाचा, त्यात हायड्रोफ्लोरिक ॲसिड लिहिलं असेल तर दुकानातच परत ठेवा, ते काच आणि टाईलची चमक खातं आणि कातडीतून आत जाऊन जिवावर बेततं.

साधं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. २०१३ साली सुप्रीम कोर्टानं ॲसिडच्या खुल्या विक्रीवर बंधनं आणली, ॲसिड हल्ल्यांमुळं. त्यामुळं दुकानदारानं घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि कशासाठी पाहिजे हे रजिस्टरमध्ये लिहायचं असतं, फोटो असलेलं ओळखपत्र बघायचं असतं आणि १८ वर्षांखालच्याला द्यायचं नाही. म्हणून जाताना आधार कार्ड न्या, आणि पोराला पाठवू नका. बिनलेबलची बाटली कुणी देत असेल तर घेऊ नका, ती किती कडक आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि घरात तीच बाटली पाण्याची समजून कुणीतरी तोंडाला लावतं.

वापरायच्या आधी:

बाथरूममधून स्टीलची बादली, टॉवेलचा रॉड, जे निघतंय ते सगळं बाहेर काढा. ॲसिडच्या नुसत्या वाफेनं स्टील गंजतं, हात लावायची पण गरज नाही. नळ, शॉवर, गीझरचे पाईप प्लास्टिक पिशवीनं गुंडाळून चिकटपट्टी मारा. माझे नळ काळे पडले ते ॲसिड उडून नाही, दार लावून काम केलं म्हणून. खिडकी उघडी, दार उघडं, एक्झॉस्ट चालू.

प्लास्टिकच्या बादलीत आधी दहा मग पाणी घ्या, मग त्यात एक मग ॲसिड हळूहळू. उलटं करायचं नाही. ॲसिडमध्ये पाणी ओतलं की एकदम गरम होऊन अंगावर उडतं. आधी पाणी, मग ॲसिड, हे घरातल्या सगळ्यांना पाठ असू द्या. ॲल्युमिनियमच्या भांड्यात किंवा लोखंडी घमेल्यात बिलकुल नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ब्लीच, म्हणजे पांढरे कपडे धुवायचं ते क्लोरीनचं पाणी, किंवा ब्लिचिंग पावडर, हे ॲसिडसोबत कधीच नाही. एकाच दिवशी पण नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो, लहान बंद बाथरूममध्ये तो जीव घेऊ शकतो. पाणी रोज येत नाही म्हणून आपण बॅरलमध्ये ब्लिचिंग पावडर टाकून ठेवतो, ते बॅरलचं पाणी या कामाला घेऊ नका. टॉयलेट क्लीनरमध्ये पण बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ॲसिडच असतं, त्यामुळं तोच नियम त्यालाही.

लावताना टाईल आणि आजूबाजूचे सांधे ओले करा, ब्रशनं फक्त डागावर द्रावण लावा, फसफस दिसेल. दोन ते तीन मिनिटं, जास्त नाही. फसफस थांबली म्हणजे ॲसिडचं काम संपलं, अजून ठेवून काही मिळत नाही. नायलॉन ब्रशनं घासा, भरपूर पाण्यानं धुवा, मग अर्धी बादली पाण्यात चार-पाच चमचे खायचा सोडा टाकून ते सगळीकडं फिरवा. सोड्याला फेस येत असेल तर अजून ॲसिड शिल्लक आहे, परत फिरवा. शेवटी पुन्हा साधं पाणी.

डोळ्यात उडालं तर सगळं सोडून लगेच वाहत्या पाण्यानं सलग १५ ते २० मिनिटं डोळा धुवायचा, आणि मग दवाखाना. सोडा किंवा दुसरं काही डोळ्यात घालायचं नाही. १०८ ला फोन करायला लाजू नका. दमा असलेल्या माणसानं आणि गरोदर बाईनं हे काम करू नये, लहान पोरं त्या वेळेला घराबाहेर.

७. इपॉक्सी ग्राऊट असेल तर

हल्ली नवीन फ्लॅटमध्ये हाच जास्त दिसतोय. हा सिमेंट नाही, राळ आणि हार्डनर मिसळून होतो, भरल्यावर तासाभराच्या आतच कोमट पाण्यानं आणि स्क्रबनं पुसायचा असतो. आपल्या उन्हाळ्यात तर त्याहून लवकर धरतो, म्हणून भरणाऱ्याला सांगा की थोडा थोडा कालव आणि चार टाईल झाल्या की पूस. एकदा वाळला की फक्त इपॉक्सी रिमूव्हर चालतो, तो आधी कोपऱ्यात लावून बघा. जाड थेंब असेल तर केस वाळवायच्या ड्रायरनं गरम करा, मऊ पडतो, गरम असतानाच प्लास्टिकच्या पत्तीनं उचला. ड्रायर चालवताना फरशी कोरडी पाहिजे, आणि रिमूव्हर लावलेल्या जागी ड्रायर नाही, तो पेट घेऊ शकतो.

८. नळ, काच, बेसिन, दार

नळाच्या क्रोमवर पत्ती आणि ॲसिड दोन्ही नाही. व्हिनेगरमध्ये पाणी निम्मं घालून फडकं भिजवा, दहा मिनिटं गुंडाळून ठेवा, लाकडी काडीनं ढकला, धुवून कोरडं पुसा. कमोड आणि बेसिन टाईलसारखेच, ओलं ब्लेड आडवं. काचेवर पण नवीन ओलं ब्लेड चालतं. पीव्हीसीचं दार आणि ॲक्रिलिकवर फक्त प्लास्टिकची पत्ती आणि नख, स्क्रब सुद्धा पांढराच.

९. जुना ग्राऊट सांध्यातून काढायचा असेल तर

काळा पडलेला, भुगा झालेला ग्राऊट काढून नवीन भरायचा असेल तर ग्राऊटची छोटी करवत घ्या, नाही मिळाली तर हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा एका टोकाला चिंधी गुंडाळून. सांधा ओला करा, मध्यावर ब्लेड धरा, टाईलच्या कडेला टेकू देऊ नका, आणि निदान दोन-तीन मिमी खोल जा, वरवर खरवडून वर नवीन भरला तर तो वर्षभरात पापुद्र्यासारखा निघतो. ग्राइंडर लावून देतो म्हणणारे भेटतात, नवशिक्यानं ते बाथरूममध्ये करू नये, हात जरा हलला की टाईलची कड गेली आणि धुळीनं घर भरतं. मास्क इथं काढायचाच नाही.

१०. नहाणी ट्रॅप

खरवडलेला माल पाण्यानं जाळीत ढकलू नका. वाळू आणि सिमेंटचा गाळ नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखाली पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्यात, बसतो आणि तिथंच घट्ट होतो, मग पाणी तुंबतं आणि नवीन टाईल फोडायची वेळ येते. काम सुरू करायच्या आधी जाळीखाली एक फडकं कोंबून ठेवा, सगळा भुगा सुपलीनं गोळा करून पोत्यात भरा, आणि धुवायच्या वेळेलाच फडकं काढा. मिस्त्री काम करून गेले त्या दिवशीच जाळी उचलून आत हात घालून बघा, आमच्या ट्रॅपमधून मूठभर माल आणि एक टाईलचा तुकडा निघाला होता.

अजून काम चालू असेल तर

तुमच्या घरी मिस्त्री अजून येतच असतील तर वरचं निम्मं काम वाचवता येतं. नळ, कमोड आणि उंबऱ्याला काम सुरू व्हायच्या आधीच प्लास्टिक बांधा. एक बादली पाणी आणि दोन ओले टॉवेल बिगाऱ्याच्या हाताशी ठेवा आणि दर तासाला भिंत पुसायला सांगा, संध्याकाळी माणसं जायच्या आधी स्वतः टॉर्च तिरका धरून बघा, सरळ उजेडात शिंतोडे दिसत नाहीत. गुळाचं किंवा साखरेचं पाणी पण ठेवा, थोडीशी साखर सुद्धा सिमेंटला धरू देत नाही, त्यामुळं त्या दिवशीचे ओलसर शिंतोडे गुळाच्या पाण्यानं पुसले की सहज निघतात. फक्त ते पाणी सांध्यावर आणि मालाच्या घमेल्यात जाऊ देऊ नका, नाहीतर पाहिजे तिथलंच सिमेंट धरणार नाही, आणि पुसून झाल्यावर साध्या पाण्यानं धुवा म्हणजे मुंग्या लागत नाहीत.

आणि मजुरीचा शेवटचा हप्ता टाईल्स पुसून, धुवून, वाळल्यावर दुसऱ्या दिवशी द्यायचा असं आधीच ठरवा. ओल्या टाईलवर पांढरा थर दिसत नाही, मी त्याच दिवशी संध्याकाळी ओल्या टाईल्स बघून पैसे देऊन टाकले होते.